लूकच्या शुभवर्तमानाचा डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार येतो आहे. कौटुंबिक उपासना या वर्षी मोबाईलवर येणार, असं आमच्या मंडळीत आधीच जाहीर झालं आहे. रोज सकाळी तीन मिनिटांची चित्रफीत, त्यात एक वचन आणि मागे संगीत. घरात कुणी शास्त्र उघडायचं नाही, मुलाने वाचायचं नाही, बापाने प्रार्थना करायची नाही. ऐकल्यापासून मला हे लागून राहिलं आहे. याच उपासनेसाठी आम्ही एके काळी लोकांची बोलणी खाल्ली होती.

आमच्या नगरच्या जुन्या घरांत आगमनकाळ मुळात नव्हताच. 1831 साली इथे अमेरिकन मराठी मिशन आलं, ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशाचं. सणांच्या पंचांगाची त्या परंपरेला ओढ नव्हती. घरची प्रार्थना मात्र त्यांनी पक्की रुजवली आणि नारायण वामन टिळकांनी तिला मराठी भजनाचा गळा दिला. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवारच होता. तिच्यात आमच्याबरोबर अँग्लिकन मंडळीही एकत्र आली, तशी त्यांची वर्षाची मांडणी, जांभळा रंग, चार रविवारांच्या चार मेणबत्त्या आमच्याकडेही आल्या. सत्तरच्या दशकात मात्र हे सगळं चर्चच्या भिंतींच्या आतच राहिलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

ते घरात आणलं माझ्या सासूबाईंनी, ऐंशीच्या दशकात. त्यांचा हिशेब सरळ होता. लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत डिसेंबरचे दिवसही चोवीस. रोज संध्याकाळी दिवेलागणीला एक अध्याय. वाचायचं मुलांनी, समजावायचं मोठ्यांनी आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. वीज गेली तर कंदील होताच. स्वयंपाकघरात करंज्या तळून डबे भरलेले असायचे, पण 24 तारखेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, हा नियम उपासनेइतकाच कडक होता. वाट पाहायला शिकवायची तर जिभेपासूनच, असं सासूबाई म्हणत.

पहिल्या दिवशीच ऐंशी वचनं! माझा धाकटा पेंगायला लागायचा. पण मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटी मागवली की टक्क जागा व्हायचा, कारण पाटी त्याच्या ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी मंदिरात वाट पाहणारी म्हातारी हन्ना यायची. ती वचनं सासूबाई स्वतः वाचत, मुलांना देत नसत. तिसऱ्या दिवशी वंशावळ. शल्तिएल, जरूब्बाबेल असल्या नावांवर मुलं अडखळायची, हसायची, आणि शेवटी आदामापाशी पोचली की दोघांना धाप लागलेली असायची. 10 तारखेला चांगला शोमरोनी, 15 ला उधळ्या पुत्र. एका वर्षी त्याच 15 तारखेला दोघा भावांचं बॅटवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. वाचायची पाळी थोरल्याची होती. गोष्टीतल्या, बाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या भावापाशी आला आणि थांबला. तोंडातून शब्द फुटेना. मग धाकट्याने विचारलं, "आजी, तो शेवटी आत गेला का गं?" लूकने ते लिहिलेलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "ते थोरल्यालाच विचार." त्या संध्याकाळचं माझं समाधान नंतरच्या कुठल्याही नाताळ कार्यक्रमाने दिलेलं नाही.

यावर आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. मंडळीतल्या एका वडिलांनी सुनावलं की, ही रोमन कॅथलिकांची थेरं आपल्यात नकोत. बाहेरून आलेले एक उपदेशक आमच्या घरी जेवायला बसले असताना म्हणाले, "ऐन सणाच्या तोंडावर, 23 तारखेला मुलांना क्रूस वाचायला लावता? नाताळचा आनंद घालवता." तेव्हा पाहुणे म्हणून मी गप्प बसले. आज सांगते, त्यांचं चुकलंच होतं. आगमनकाळ हा फक्त गोठ्यातल्या बाळाचा नाही. त्यात 21 व्या अध्यायातल्या, सूर्यचंद्रताऱ्यांतल्या खुणाही आहेत, प्रभू पुन्हा येणार हेही आहे. आमची मुलं 23 तारखेला रडवेली झोपायची आणि 24 ला अम्माऊसच्या वाटेवर त्यांचा जीव भांड्यात पडायचा. हा जन्मलेला कोण, हे त्यांना जन्माआधीच ठाऊक झालेलं असायचं.

मग हे गेलं कशाने? सगळे केबल टीव्हीचं नाव घेतात. मी आधी चर्चचंच नाव घेईन. नव्वदच्या दशकात डिसेंबरची प्रत्येक संध्याकाळ नाटकाच्या तालमीने, कॅरलच्या फेरीने, स्पर्धांनी भरून गेली. मुलं दिवेलागणीला घरात असेनाशी झाली आणि घराची वेदी मंडळीनेच रिकामी केली. त्यातच इंग्रजी शाळा आल्या. मराठी शास्त्र पुढे ठेवलं की मुलं मान खाली घालू लागली. आता पुण्यात आगमनकाळाचं कॅलेंडर विकत मिळतं. रोज एक खिडकी उघडायची आणि आत चॉकलेट. आत वचन नाही आणि वाट पाहणंही नाही.

हॅम्बुर्गजवळच्या अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात योहान हिनरिक विखर्न यांनी 1839 साली गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, ही गोष्ट मी तालमीत गुंतलेल्या आयांना नेहमी सांगते. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर वारांच्या लहान लाल. नाताळ कधी, नाताळ कधी, असं विचारून मुलांनी भंडावून सोडलं होतं म्हणून. रोज एक मेणबत्ती वाढायची आणि तिच्या उजेडात मुलं प्रार्थनेला जमायची. मुलांना जवळ बसवण्यासाठीच ते चाक होतं. त्याच चाकावरून आलेली प्लास्टिकची वर्तुळं दुकानातून आणून दारावर टांगणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मंडळीच्या समितीला मी पत्र दिलं आहे: डिसेंबरमधले निदान तीन वार संध्याकाळच्या तालमी बंद ठेवा आणि त्या वेळी मुलांना घरी राहू द्या. उत्तर अजून आलेलं नाही. धाकट्याला मात्र कळवून टाकलंय की, 1 डिसेंबरला साडेसातला मी तुझ्याकडे येते. नातीचं मराठी कच्चं आहे, म्हणून पहिला अध्याय दोन बैठकांत घेणार आणि जखऱ्याच्या पाटीपर्यंतचा भाग तिच्या बापाने वाचायचा.