यकृतावरचा पांढरा ठिपका

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया चालू असते आणि यकृताच्या आवरणाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका दिसतो. पित्तनलिकेची साधी गाठ, म्हणजे ॲडिनोमा असेल, तर पुढे काहीच करावे लागत नाही. कॅन्सर निघाला, तर उपचारांची दिशाच बदलते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक सांगता येत नाही; ठिपक्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागातल्या रुग्णाचा तुकडा बरेचदा प्रवासाला निघतो: कलबुर्गी, सोलापूर, नाहीतर बिदरहून सुमारे १४० किलोमीटरवरचे हैदराबाद. म्हणून निदानाची पहिली पायरी मला ऑपरेशन थिएटरमध्येच दिसते. तुकडा काढल्याबरोबर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या दहापट तरी द्रवात बुडला पाहिजे. सलाईनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये पाठवला, तर पेशी वाटेतच खराब होतात आणि पुढची महागडी तपासणी वाया जाते.

प्रयोगशाळेत तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात. साध्या गाठीत नलिका लहान, एकसारख्या, आपल्या हद्दीत राहणाऱ्या. कॅन्सरमध्ये त्या वेड्यावाकड्या, यकृतात घुसणाऱ्या, केंद्रके मोठी आणि बेढब. पण सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात गाठीची कडच येत नाही. मग घुसखोरी ओळखायची कशी?

तिथे प्रथिने दाखवणारे खास रंग कामी येतात. केआय-६७ मुळे विभाजनाच्या तयारीतल्या पेशी उठून दिसतात. कॅन्सरमध्ये त्या सहसा जास्त. पी-१६ हे प्रथिन ॲडिनोमात बहुधा टिकून असते, कॅन्सरमध्ये अनेकदा नाहीसे होते. ईझेडएच-२ चे नेमके उलटे. जनुकांच्या बाबतीत मात्र फार जपावे लागते. बीआरएएफ जनुकातला व्ही-६००-ई हा बदल कॅन्सरमध्ये सापडतो, तसा अनेक निरुपद्रवी ॲडिनोमांतही सापडतो. रिपोर्टवर ‘म्युटेशन’ वाचून घरात रडारड सुरू होण्याआधी हे कुणीतरी नातेवाइकांना समजावून सांगायला हवे. रक्तातले सीए १९-९ हे कॅन्सरचे सूचक सुद्धा खड्याने नलिका अडून कावीळ झाली, तरी वाढते. एकट्या कुठल्याच तपासणीवर निकाल देता येत नाही. पॅथॉलॉजिस्टला स्कॅन आणि रुग्णाचा पूर्वेतिहासही लागतो.

शंका उरली, तर कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घेताना रिपोर्टबरोबर स्लाईड आणि ब्लॉक मागून न्यावेत. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यात पुरेसा भाग शिल्लक असेल तर पुन्हा सुई न टोचता नवे काप काढता येतात.