चित्रात दडलेला खेळ

एखादे चित्र मित्राकडे धाडावे आणि त्याने ते उघडताच त्यातून एक संपूर्ण खेळ बाहेर पडावा, ही गोष्ट परीकथेतच शोभेल असे वाटते. संगणकाच्या जगात मात्र ती नित्य घडते. जोसेफ व्हाइट यांनी निर्माण केलेली ‘पिको-८’ ही खेळांची प्रणाली म्हणजे प्रत्यक्षात कधीच नसलेल्या एका यंत्राची प्रतिकृती होय. जुन्या यंत्रांत खेळाची कार्ट्रिज बसवावी लागे. या यंत्राची कार्ट्रिज म्हणजे १६० बिंदू रुंद आणि २०५ बिंदू उंच असे एक साधे चित्र!

हे साधते कसे? अशा चित्रातील प्रत्येक बिंदूची नोंद चार आकड्यांनी होते : तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो व द्विमान पद्धतीत तो आठ अंकांनी लिहिला जातो. त्यांपैकी शेवटच्या दोन अंकांचे मोल फार थोडे. तांबड्या रंगाचा आकडा २०० असेल व शेवटचे दोन अंक बदलून तो २०३ झाला, तरी डोळ्यास भेद जाणवत नाही. हजारो रुपयांच्या हिशेबात दोनचार पैशांचा फरक नजरेत भरू नये, तसेच हे आहे.

चार आकड्यांतून प्रत्येकी दोन, असे आठ अंक एका बिंदूत मावतात. म्हणजेच एक बाइट. चित्रातील बिंदू ३२,८०० आणि पिको-८ च्या कार्ट्रिजची मर्यादा ३२,७६८ बाइटांची. हिशेब असा नेमका जुळतो. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी २०१५ साली चार दिवसांत रचलेला ‘सेलेस्ट’ हा खेळ अशाच एका कार्ट्रिजमध्ये मावला. पुढे २०१८ साली त्याची विस्तृत आवृत्ती निघाली.

२००८ सालच्या ‘स्पोर’ या खेळातही हीच कल्पना होती. खेळाडूने घडविलेला प्राणी चित्ररूपाने साठविला जाई. ते चित्र दुसऱ्याने आपल्या खेळात ओढून घेतले, की तो प्राणी तेथे चालूफिरू लागे. कारण चित्रात प्राण्याचे अवयव व रंग यांची जणू पाककृतीच लिहिलेली असे.

गुप्तलेखनाची विद्या जुनी आहे. दासाचे मस्तक भादरून त्यावर संदेश गोंदविल्याची व केस वाढल्यावर त्यास धाडल्याची हकीकत हिरोडोटसने सांगितली आहे. तेथे हेतू लपविण्याचा होता. येथे तो वाटण्याचा आहे. चित्र हे खेळाचे वेष्टनही होते आणि त्याची ओळखही.

मात्र यात एक धोका आहे. ही चित्रे ‘पीएनजी’ पद्धतीची असतात व तीत प्रत्येक अंक जसाच्या तसा राहतो. ‘जेपीईजी’ पद्धत जागा वाचविण्यासाठी डोळ्यास न दिसणारे बारकावे टाकून देते, आणि खेळ तर नेमका त्या बारकाव्यांतच वसलेला असतो! संदेशवाहक सेवा पुष्कळदा चित्रे न विचारता आक्रसतात. मग चित्र पोचते, पूर्वीसारखेच दिसते. पण आतील खेळ नष्ट झालेला असतो, आणि उरलेल्या चित्रावरून तो पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून असे चित्र छायाचित्र म्हणून न धाडता मूळ फाइल म्हणूनच धाडावे, आणि एक अस्सल प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी, हेच श्रेयस्कर.