पडद्यावरचा पाऊस आणि चित्रातला घोडा

मागच्या व्याख्यानानंतर इथली काही तरुण मुलं आमच्याशी बोलत थांबली होती. वाद चालला होता ‘तुंबाड’ सिनेमाचा. तो वाडा खरा की सेट? पाऊस खरा की टँकरचा? ती म्हातारी संगणकावर केलेली, की आत माणूस आहे? तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हणाला, “सर, हे सगळं कळलं की मजा जाते.” आज आपण या एका वाक्याचाच विचार करू. कारण हे वाक्य खरं असेल, तर कारागिरी म्हणजे नुसती लपवाछपवी ठरते.

आधी वस्तुस्थिती बघू. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. पण चित्रीकरण सुरू झालं होतं २०१२ साली. पहिलं काम मनासारखं उतरलं नाही, म्हणून पटकथा पुन्हा लिहिली, पुन्हा चित्रीकरण केलं, आणि ते २०१५ साली संपलं. एवढी वर्षं का लागली? एक मोठं कारण म्हणजे पाऊस. त्यांना खरा पाऊस हवा होता, आणि तो काही आपल्या सोयीनं येत नाही.

आता टँकरच्या पावसाला काय होतं? तो कॅमेऱ्यापुढच्या तेवढ्याच तुकड्यात पडतो. मागचा डोंगर कोरडा राहतो, आणि वर ऊन असलं तर माणसाच्या पायाशी सावली पडते. खऱ्या पावसात ढग उजेड गाळून खाली सोडतात. सावल्या पुसट होतात, जांभा काळवंडतो, आणि लांबचा डोंगर धुक्यात अर्धा बुडतो. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात हे सगळं आहे. आम्ही हा सिनेमा घरी बघत होतो तेव्हा शेजारच्या एक आजी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हो पाऊस खरो आसा.” त्यांना ना गोष्ट ठाऊक, ना नटाचं नाव. पण चार महिने पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला फसवणं सोपं नाही, बघा.

आता जागेचं. तुंबाड हे गाव खरोखरच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ते नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं. पण सिनेमातला वाडा सासवडचा, म्हणजे घाटावरचा. मग पडद्यावरचं तुंबाड नेमकं कुठे आहे? कुठेच नाही. एका ठिकाणचं नाव, दुसऱ्या ठिकाणचा वाडा आणि अनेक पावसाळ्यांचं आभाळ यांतून ते रचलेलं आहे. तुकडे खरे, जुळणी कल्पनेची.

म्हातारीचं तसंच. शाप लागून अंगातून झाड उगवलेली ती आजी ज्या नटानं केली, त्याच मोहम्मद समद या मुलानं विनायकच्या पोराचं कामही केलंय. रंगभूषेच्या थरांखाली एक मुलगा बसलेला आहे! हे कळल्यावर भीती कमी होते का? पुन्हा बघा. आम्ही पाहिलं. भीती तेवढीच राहिली, वर आदर वाढला.

असं का होतं? प्लेटोनं कलेला कमी लेखलं. खाटेचं चित्र म्हणजे नकलेची नक्कल, सत्यापासून दूर, असं त्याचं म्हणणं. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात हे शिकवलं, आणि रात्री दहिकाल्याला जाऊन पहाटेपर्यंत बसलो! ही विसंगती आमच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. तिचं उत्तर आपल्याकडे श्रीशंकुकानं देऊन ठेवलेलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावरचा हा जुना भाष्यकार. त्याचं मत आपल्याला अभिनवगुप्तामुळे कळतं. शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा बघताना ‘हा खराच घोडा’ असं आपल्याला वाटत नाही. ‘हा घोडा नव्हेच’ असंही नाही. ‘आहे की नाही’ असा संशय नसतो, आणि ‘घोड्यासारखं काहीतरी’ असंही आपण म्हणत नाही. या चारही प्रकारांहून वेगळी अशी ती प्रतीती असते. याला म्हणतात चित्रतुरगन्याय. अभिनवगुप्तानं शंकुकाच्या अनुकरणाच्या सिद्धांतावर टीका केली, ते वेगळं. पण हा घोडा मात्र टिकला.

म्हणजे काय, तर प्रेक्षक फसलेला नसतोच. रंग दिसत असतात आणि घोडाही दिसत असतो. मग रंग कसे कालवले हे सांगितल्यानं घोडा पळून कसा जाईल? ज्याची मजा फसण्यावरच उभी असते, त्याचीच मजा कळल्यावर जाते.

आणि हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. आपल्या दशावतारात देखावा म्हणून काय असतं? एक पडदा, एक बाकडं. त्या बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन. नटानं दोन फेऱ्या मारल्या की अरण्य ओलांडलं. अलीकडे ट्रिकसीनचे प्रयोग आले, त्यांनाही गर्दी होते. पण नुसत्या बाकड्याचं सिंहासन होतं ते कशामुळे? त्यावर बसणाऱ्या नटाच्या बसण्यामुळे. ते बसणं कसलेलं असतं. सिनेमात पावसानं जे केलं, ते इथे नटाची पाठ करते. अद्भुत गोष्ट उभी राहायला तिच्याखाली एक तरी वस्तू अस्सल लागते.

आज यंत्राला सांगितलं की पाऊसही मिळतो आणि वाडाही मिळतो. तंत्राला आमचा विरोध नाही, ‘तुंबाड’मध्येही संगणकाचं काम आहे. पण ‘खरं की खोटं’ एवढंच विचारून थांबलो, तर ज्यांनी पावसाची वाट पाहिली, त्यांचे कष्ट आपल्याला दिसेनासे होतील. त्यापेक्षा विचारावं, की यात कुणी काय सोसलं आणि कुठली गोष्ट नकली करायला नकार दिला?

त्या मुलाला आमचं एकच सांगणं. यंदा जत्रेला जाशील तेव्हा नाटकाच्या तासभर आधी जा. दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतो, ते जवळून बघ. मग समोर येऊन बस, आणि राजा आला की मजा गेली का ते आम्हाला येऊन सांग.

थांबतो. आता प्रश्न विचारा.