मास्कच्या आदेशात इम्प्लांटधारक कोठे होता?

८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने आदेश काढला. रस्ता, बाजार, कार्यालय, इस्पितळ, कोठेही आणि कोणत्याही कारणासाठी येणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावलाच पाहिजे. आदेश गरजेचा होता. त्याला आमचा विरोध तेव्हाही नव्हता, आजही नाही. परंतु 'प्रत्येकाने' असे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कानाने ऐकणारा माणूसच होता. ओठ पाहून ऐकणारा त्यांच्या खिजगणतीतही नव्हता.

आम्ही बोलतो आहोत ते कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या प्रौढांविषयी. कानामागे यंत्र लागले की माणूस बरा झाला, हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. निरोगी कानाच्या आत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम बारा ते बावीस इलेक्ट्रोडवर भागवावे लागते. शांत खोलीत, समोरासमोर पुष्कळांना चांगले कळते. गोंगाटात मात्र उरलेला अर्थ ओठांवरून घ्यावा लागतो. मास्कने ओठ झाकले आणि आवाजही खाल्ला. साध्या सर्जिकल मास्कने वरच्या पट्टीतील आवाज तीन-चार डेसिबलने उतरतो, एन-९५ ने बारापर्यंत. 'स', 'श' हे ध्वनी त्याच पट्टीतले. 'स' गेला की 'साठ' आणि 'आठ' यांत काय फरक उरला? बँकेच्या खिडकीवर काच, काचेमागे मास्क, मध्ये सहा फुटांचे अंतर. आणि मागून रांग ओरडते, "अहो, ऐकू येत नाही का?"

शिवाय चष्मा, मास्कची नाडी आणि लाखांच्या घरातला प्रोसेसर, सगळे एकाच कानावर. मास्क काढताना प्रोसेसर रस्त्यावर पडण्याची धास्ती वेगळीच.

त्यातच सारे जग फोनवर गेले. सरकारचा मदत क्रमांक १०७५, तोही आवाजाचाच! प्रत्येक फोनआधी कोरोनाची ती खोकल्याची धून; ती संपून माणूस कधी बोलू लागला हेच अनेकांना कळेना. ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीचा मार्ग सर्व न्यायालयांना खुला केला. पडद्यावर ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. आम्हा चांगल्या कानांच्या वकिलांची तारांबळ उडत होती, तेथे इम्प्लांटधारक पक्षकाराने काय समजून घ्यायचे? एक मात्र मान्य केले पाहिजे. घरून काम करणाऱ्या काहींची लोकलच्या आणि कार्यालयाच्या कलकलाटातून सुटका झाली, दिवसभर कान देऊन ऐकण्याचा शीण उतरला.

यंत्राचे हाल वेगळे. टाळेबंदीत दवाखाने बंद, मॅपिंग थांबले. वायर तुटली, सेल संपले की माणूस पुन्हा पूर्ण बहिरा. केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांट मिळते ते लहान मुलांना. प्रौढाने दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करायची, आणि २०२० मध्ये किती जणांचे खिसे भरलेले होते?

कायदा नव्हता असे नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ प्रमाणे संकटकाळात दिव्यांगांना समान संरक्षण मिळालेच पाहिजे. कलम ३ खाली वाजवी सोय करून देणे सरकारवर बंधनकारक आहे. मार्च २०२० मध्येच केंद्राच्या दिव्यांग विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्या किती खिडक्यांपर्यंत पोहोचल्या? इंग्लंडने त्याच वर्षी मास्कच्या नियमातच सवलत लिहिली, की ओठ वाचणाऱ्याशी बोलताना समोरच्याने मास्क उतरवला तर गुन्हा नाही. एका ओळीचे काम होते. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच असल्याचे स्पष्ट केले. तो खटला लेखनिकाच्या मागणीचा होता, पण त्यातले तत्त्व बँकेच्या खिडकीलाही लागू पडते.

महाराष्ट्रात मास्कची सक्ती एप्रिल २०२२ मध्ये उठली. परंतु शस्त्रक्रियागृहात आणि क्षयरोगाच्या वॉर्डात मास्क आहेच, उद्या दुसरी साथ आली तर पुन्हा सर्वत्र येईल. म्हणून इम्प्लांटधारक बांधवांनी आणि भगिनींनी आजच आपापल्या इस्पितळाला, बँकेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मागणी साधी ठेवावी: खिडकीवर पारदर्शक मास्क किंवा कागद-पेन, नाव पुकारण्याबरोबर फलकावर क्रमांक, फोनऐवजी लेखी संदेश. दाद लागली नाही तर कलम ८० खाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्या तक्रारीला अर्जाची पोच जोडायला विसरू नये.