आंबोली : पाऊस, सडा आणि शांतता

सावंतवाडीहून बेळगावकडे निघालेला रस्ता दाणोली मागे टाकून घाट चढू लागतो आणि सुमारे ३० किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीत पोहोचतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर किंवा माथेरानसारखी लांबलचक बाजारपेठ येथे नाही. रस्त्याकडेची थोडी दुकाने आणि खानावळी, झाडीत विखुरलेल्या वाड्या, भात-नाचणीची शेते आणि चहूबाजूंनी जंगल असे गावाचे रूप आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटातील मुख्य धबधब्यावर हजारो लोक येतात आणि भिजून त्याच दिवशी परततात. आंबोलीचे खरे निसर्गवैभव मात्र या धबधब्यापलीकडे, बहुतांशी जमिनीलगत आणि लहान आकारात आहे. ते पाहायला दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि संथ पायपीट लागते.

या वैभवाचे मूळ पावसात आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला भिडतात, वर चढतात, थंड होतात आणि बाष्प माथ्यावर सोडतात. आंबोली नेमकी या भिंतीच्या कडेवर वसली आहे. त्यामुळे येथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. घाटमाथा ओलांडून पूर्वेला आजरा, संकेश्वरकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. जून ते सप्टेंबर गावावर धुके उतरलेले असते. कावळेसादच्या कड्यावर तर दरीतून वर येणारा वारा इतका जोरदार असतो की खाली कोसळणारे पाणी उलटे वर फेकले जाते.

दुसरा आधार दगडाचा. माथ्यावरील विस्तीर्ण पठारांवर जांभ्या दगडाचा थर आहे. कोकणात अशा उघड्या कातळपठाराला सडा म्हणतात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पाऊस थांबल्यानंतरही ओढे वाहत राहतात ते यामुळे. सड्यावर माती मात्र बोटभरही नसते. उन्हाळ्यात तापणारा आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा हा कातळ वरवर पाहता उजाड वाटतो. प्रत्यक्षात काही जीव केवळ अशाच जागी जगू शकतात.

त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे आंबोली टोड. डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये झँथोफ्राइन या नव्या प्रजातीत तिची टायगेरिना ही जाती म्हणून नोंद केली. अंगावरील वाघासारख्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवरून तिला हे नाव मिळाले. या प्रजातीतील दुसरी जाती कोयना परिसरातील आहे. आंबोली टोडचे ज्ञात वसतिस्थान अतिशय मर्यादित असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त गटात आहे. पहिल्या पावसाच्या सरी आल्या की हे टोड सड्यावर जमतात आणि कातळाच्या खळग्यांत साठलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. मध्येच पावसाने ओढ दिली तर खळगा आटतो आणि त्या खेपेची पिल्ले मरतात. खळग्यातून गाडीचे चाक गेले तरी परिणाम तोच होतो.

जंगलात शिरल्यावर दुसरेच जग सुरू होते. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा वृक्षांचे हे निमसदाहरित वन आहे. खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरींची दाटी असते. ओढ्याकाठच्या फांद्यांवर मलबारी उडता बेडूक जुलै-ऑगस्टमध्ये फेसाची घरटी बांधतो. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. घरटे पाण्यावर झुकलेल्या पानांना चिकटलेले असल्यामुळे पिल्ले बाहेर पडली की थेट पाण्यात उतरतात. हिरव्या रंगाचा हा बेडूक बोटांमधले नारिंगी पडदे पसरून एका फांदीवरून दुसरीवर तरंगत जातो. ओढ्याकाठच्या झुडपांत मलबारी चापडा हा विषारी साप तासन्‌तास निश्चल बसून भक्ष्याची वाट पाहतो. झुडपी बेडकाच्या एका जातीला आणि २०१८ मध्ये नोंदलेल्या पालीच्या एका जातीलाही आंबोलीचेच नाव दिले गेले आहे. गवे, सांबर, शेकरू आणि धनेश यांचाही या वनात वावर आहे.

आंबोली हा दोन समुद्रांचा पाणलोटही आहे. कड्यावरून पश्चिमेला कोसळणारे ओहोळ कोकणातील नद्यांना मिळून अरबी समुद्रात जातात. गावातील हिरण्यकेशी मंदिरामागच्या गुहेतून उगम पावणारी हिरण्यकेशी नदी मात्र पूर्वेला वळते, आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत घटप्रभेला मिळते आणि कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागराला जाते. या उगमस्थानी सापडलेल्या माशाचे वर्णन प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक विविधता कायद्याखाली जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. बोटाएवढ्या माशासाठी देवस्थानाचा परिसर राखला जाणे ही महाराष्ट्राच्या निसर्गसंवर्धनातील मोलाची घटना आहे.

पावसाचा जोर ओसरला की ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सडे फुलतात. पांढरे गेंद, जांभळी सीतेची आसवे, गुलाबी तेरडा आणि पिवळा कवला यांचे पट्टे एकापाठोपाठ उमटतात. कातळावरील मातीत नत्र अत्यल्प असल्याने काही वनस्पतींनी कीटक पकडण्याची सोय केली आहे. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरील चिकट थेंबांना कीटक अडकतात, तर सीतेच्या आसवांची सूक्ष्म पिशवीसारखी अंगे ओल्या मातीत व पाण्यात बारीक जीव ओढून घेतात. उतारांवरील कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. नोव्हेंबरनंतर धुके विरते आणि महादेवगडावरून कोकणपट्टीचा विस्तार स्वच्छ दिसतो. दूरची दृश्ये पाहण्यासाठी हाच काळ उत्तम.

गावाला गिरिस्थानाचे रूप आले ते रस्त्यामुळे. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या लष्करी छावणीला माल पोहोचवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात हा घाट बांधला गेला. त्याआधी मुख्य वाहतूक रामघाटाने होत असे. रस्ता झाल्यावर कर्नल वेस्ट्रॉप या इंग्रज अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले. सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांनीही येथे उन्हाळी निवासस्थान ठेवले. पुढे बंदराचे महत्त्व ओसरले आणि आंबोली मोठ्या गिरिस्थानांच्या स्पर्धेबाहेर राहिली. आंबोली, चौकूळ आणि गेळे या तीन गावांतील कबुलायतदार गावकर या जुन्या सामूहिक जमीनधारणा पद्धतीच्या जमिनींचा प्रश्नही अनेक वर्षे रेंगाळला. तेव्हा येथील जंगलाचा विचार गावकऱ्यांच्या जमीनहक्काला वगळून करता येत नाही. अलीकडे घरगुती निवास, नाचणीच्या भाकरीचे जेवण आणि स्थानिक तरुणांच्या मार्गदर्शनाखालील निसर्गफेऱ्या यांतून गावाला वेगळी मिळकत होऊ लागली आहे. एका दिवसाच्या गर्दीपेक्षा मुक्कामी येणारा पाहुणा गावाला आणि जंगलाला, दोघांनाही अधिक हिताचा आहे.

शांततेचा प्रश्न येथे केवळ पाहुण्यांच्या सोयीचा नाही. बेडकांचे मीलन आवाजावर अवलंबून असते. नराची साद मादीपर्यंत पोहोचली नाही तर तो हंगाम वाया जातो. कर्णकर्कश संगीत, हॉर्न आणि प्रखर दिवे यांचा थेट उपद्रव त्यांना होतो. पावसाळी रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक, खेकडे आणि साप चाकांखाली मरतात. फुललेल्या सड्यावर गाड्या नेल्याने वर्षभर जमिनीत दडून राहिलेली रोपे चिरडली जातात. धबधब्यातले प्लास्टिक तर थेट नदीत उतरते.

म्हणून आंबोलीला जाणाऱ्यांनी शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, गावातच राहावे, रात्री घाटात गाडी सावकाश चालवावी आणि गाडी सड्याच्या बाहेर उभी करून पायी फिरावे. रात्रीच्या फेरीला स्थानिक जाणकार सोबत घ्यावा. बेडूक हातात धरू नयेत, चापडा दिसला तर अंतर राखावे, हिरण्यकेशीच्या कुंडात साबण किंवा निर्माल्य जाऊ देऊ नये. एवढी काळजी प्रत्येकाने घेतली, तरच पुढच्या पावसातही सड्याच्या खळग्यांत आंबोली टोडची अंडी सापडतील.