पायाखाली ऊब की भिंतीला रेडिएटर?

ब्रिटनमध्ये घरामागे एक्स्टेन्शन काढायचं ठरलं, की बिल्डरचा प्रश्न येतोच: ‘अंडरफ्लोअर हीटिंग घालायचं ना?’ जानेवारीत अनवाणी वावरता येईल, भारतातून आलेल्या आईवडिलांना खाली मांडी घालून बसता येईल, या विचाराने आपण लगेच हो म्हणतो. ते सुख खरंच आहे. पण सोबत ऐकीव समजुतीही पुष्कळ येतात.

‘फरशी पायाला चटके देते’ ही त्यातली एक. राहत्या खोलीत फरशीचं तापमान 29 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे ती आपल्या अंगापेक्षा थंडच असते.

‘अख्खी फरशी तापली की खोली ऊबदार होणारच’ ही समजूत मात्र महागात पडते. वीस चौरस मीटरचं स्वयंपाकघर घ्या. कपाटं आणि मधला ओटा सहा चौरस मीटर अडवतात. त्यांच्याखाली गरम पाण्याच्या नळ्या घालत नाहीत. उरले चौदा. खोली 20 अंशांवर ठेवायची तर 29 अंशांची फरशी चौरस मीटरमागे साधारण 100 वॉट उष्णता देते, म्हणजे फार तर 1400 वॉट. लाकडी जमीन चालते, पण ती सहसा 27 अंशांपुढे नेत नाहीत. मग हाती हजारच्या आसपास उरतात. काचेचं छप्पर आणि भिंतभर दारं असलेली खोली कडाक्याच्या थंडीत याहून जास्त उष्णता गमावत असेल, तर जोडीला रेडिएटर लागणारच. दोन्ही एकत्र बसवण्यात काहीच चूक नाही.

‘बिल हमखास कमी येतं’ हेही सरसकट खरं नाही. नळ्यांना 35 ते 45 अंशांचं पाणी पुरतं, त्यामुळे हीट पंप असेल तर चांगला फायदा होतो. नळ्यांऐवजी विजेच्या तारांची चटई बसवायला सोपी आणि स्वस्त. पण ब्रिटनमध्ये वीज गॅसच्या कितीतरी पट महाग आहे. बाथरूमपुरती ठीक, मोठ्या खोलीसाठी नको. आणि जमिनीखाली नीट इन्शुलेशन नसेल, तर आपण पैसे देऊन माती तापवतो.

रेडिएटर जुनाट झाले, असंही नाही. इंग्लंडमध्ये जून 2022 पासून संपूर्ण हीटिंग नव्याने बसवताना पाणी 55 अंश किंवा त्याहून कमी ठेवूनच आखणी करणं अपेक्षित आहे. रेडिएटर मोठे घेतले की तेवढ्यावर भागतं. शिवाय ते काही मिनिटांत तापतात. नळ्यांवर ओतलेला सिमेंटचा जाड थर, म्हणजे स्क्रीड, तापायला काही तास लागतात. फक्त संध्याकाळी वापरायच्या खोलीला रेडिएटरच बरा.

वाळू-सिमेंटचा 65 मिलिमीटरचा स्क्रीड वाळायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, आणि एकदा ओतल्यावर नळ्या हलवता येत नाहीत. म्हणून तो ओतण्याआधीच बिल्डरकडून खोलीच्या उष्णता-हानीचा हिशेब लेखी मागून घ्या.