बारमाही क्रीडांगण : मेंडोटा सरोवर

जुलैत ज्या पाण्यात मुले पोहतात, त्याच जागेवरून जानेवारीत माणसे बूट घालून चालत जातात! अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिला लागून मेंडोटा हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० चौ. कि. मी., सर्वाधिक खोली सुमारे २५ मीटर. उन्हाळ्यात तेथे शिडाच्या होड्या फिरतात. हिवाळ्यात धातूच्या पात्यांवर घसरणाऱ्या बर्फहोड्या वाऱ्याच्या वेगालाही मागे टाकतात. कुणी बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडून बसतो.

पण वर बर्फ असताना खाली मासे जिवंत राहतात कसे? याचे कारण पाण्याच्या एका आगळ्या गुणधर्मात आहे. बहुतेक द्रव थंड होताना अधिकाधिक जड होत जातात. पाणी मात्र ४° सेल्सिअसला सर्वांत जड असते. शरद ऋतूत पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन खाली बसते व खालचे वर येते. सगळे पाणी ४° पर्यंत आले की ही घुसळण मंदावते. त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते आणि गोठते. बर्फ तर पाण्याहूनही हलका! तो पांघरुणासारखा वर पसरतो आणि तळाचे पाणी गोठण्यापासून वाचते.

या बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी तो पारखावा लागतो. चालण्यासाठी स्वच्छ, घट्ट बर्फाची जाडी किमान १० सें. मी. तरी हवी.

मेंडोटा केव्हा गोठले व केव्हा वितळले, याची नोंद १८५० नंतरच्या दशकापासून ठेवलेली आहे. ती काय सांगते? बर्फाचा काळ तेव्हापेक्षा सुमारे एक महिन्याने आखूड झाला आहे. हवामान तापत आहे, याचा हा सरळ पुरावा. खेळाचे दिवस घटतात आणि कच्च्या बर्फाचा धोका वाढतो. उन्हाळ्यातही अडचण आहेच. भोवतालच्या शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे नीलहरित शैवाल माजते. त्याच्या काही जाती विषारी असल्याने कधी कधी पोहणे बंद ठेवावे लागते.

मित्रांनो, या नोंदीसाठी कोणते मोठे यंत्र लागले? फक्त डोळे, वही आणि पिढ्यान् पिढ्यांची चिकाटी! तुमच्या गावातही तळे असेल. शिक्षकांच्या मदतीने दर आठवड्याला ठराविक वेळी काठाच्या पाण्याचे तापमान, पातळी आणि रंग टिपून ठेवा. वही भरली की पुढच्या इयत्तेच्या हाती द्या.